तेवीस बाय एक बाय ए

नूपुरने लॅपटॉप उचलला आणि सौरभच्या टेबलावर, त्याच्या डब्याला अगदी खेटून ठेवला.

“वाच,” ती म्हणाली. “मोठ्याने वाच.”

सौरभने हातातला घास तोंडात टाकला, बोटं रुमालाला पुसली आणि स्क्रीनकडे मान वाकडी केली. “भवानीपूर. नर्स भलत्याच घरी गेली.”

“पुढची.”

“कालीघाट. रक्त घ्यायला आलेला माणूस शेजारच्या म्हातारीचं रक्त घेऊन गेला.” तो हसला. नूपुर हसत नाही हे बघून तो घोटभर पाणी प्यायला. “पुढची वाचत नाही. मला जेवू दे ना.”

“ही चौथी वेळ आहे सौरभ. दर आठवड्याला तू काहीतरी ठिगळ लावतोस आणि दर आठवड्याला मी माफीचे मेल लिहिते.”

त्यांची कंपनी कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधली. लोकांच्या घरी नर्स पाठवायची, व्यायाम करून घ्यायला फिजिओ पाठवायचे, रक्ताचे नमुने गोळा करायचे, असा तिचा व्यवसाय. सुरुवात सॉल्ट लेक आणि न्यू टाउनमध्ये झाली होती आणि तिथे सगळं बिनबोभाट चालत होतं. दुर्गापूजेची सुट्टी संपल्यावर वरच्यांनी दक्षिण कोलकाता उघडायचं ठरवलं, आणि तेव्हापासून माणसं भलत्या दारांवर थापा मारू लागली होती.

कारण नूपुरला केव्हाच कळलं होतं. कुणी बुकिंग केलं की सौरभचा जुना कोड त्यातून एक वेब-पत्ता तयार करायचा. आधी घराचा नंबर, मग रुग्णाचं नाव, मग तक्रार, शेवटी रस्ता, आणि प्रत्येकाच्या मध्ये एक तिरकी रेघ. ही लिंक नर्सच्या किंवा फिजिओच्या फोनवर जायची. तिने ती उघडली की दुसरीकडचा कोड तोच पत्ता तिरक्या रेघांवर कापायचा आणि तुकडे आपापल्या रकान्यात बसवायचा. पहिला तुकडा म्हणजे घर, दुसरा रुग्ण, तिसरा तक्रार, शेवटचा रस्ता. सॉल्ट लेकमधल्या घरांचे नंबर सरळ असायचे, सीके एकशे बारा, बीडी चाळीस. दक्षिणेकडे मात्र घराच्या नंबरातच तिरक्या रेघा. सदतीस बाय दोन, अकरा बाय बी बाय एक. कोडला त्यातली कुठली रेघ घराची आणि कुठली आपली हे कळत नव्हतं. तो सरसकट कापत सुटायचा.

“जावामध्ये वेब-पत्त्यासाठी तयार क्लास आहे,” नूपुर म्हणाली. “त्याच्या हातात तुकडे द्यायचे, तो पत्ता नीट बांधून देतो. उलगडायचा असेल तरी त्यालाच विचारायचं. होस्ट काय, पाथ काय, क्वेरी काय. तू हातात सुरी घेऊन भाजी चिरल्यासारखा पत्ता चिरतोस.”

“सहा वर्षं चालली ना माझी कोड?”

“माझा कोड.”

“तेच ते.”

सौरभचे वडील फौजेत होते. फोर्ट विल्यमला शेवटचं पोस्टिंग झालं आणि निवृत्तीनंतर कुटुंब इथेच राहिलं. त्याचं मराठी घरापुरतं उरलं होतं, आणि त्यातला लिंगभेद बंगालीने गिळला होता. एरवी नूपुरला त्याची गंमत वाटायची. आज नाही वाटली.

“मी काय म्हणतो,” सौरभ म्हणाला, “घराच्या नंबरातली रेघ काढून तिथे डॅश टाकू. अर्ध्या तासाचा काम आहे.”

“आणि ज्या घरांच्या नंबरात आधीपासूनच डॅश आहे त्यांचं काय?”

“अशी घरं असतात?”

“सौरभ, तू लहानपणापासून या शहरात आहेस!”

“आमच्याकडे नसतात अशी.”

नूपुरने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. त्याला एकदा डोळ्यांदेखत दाखवल्याशिवाय उपाय नव्हता. तिने नव्या बुकिंगचा फॉर्म उघडला आणि हाताशी असलेला पत्ता, म्हणजे स्वतःच्या घराचा, टाइप केला. तेवीस, तिरकी रेघ, एक, तिरकी रेघ, ए. पुढे बाबांचं नाव, अविनाश सबनीस. तक्रार, खुब्याचं ऑपरेशन. मग रस्ता. एंटर दाबून तिने चाचणीचा फोन सौरभसमोर धरला.

फोनवर आलं : घर २३. रुग्ण १. तक्रार ए.

“बघितलंस? माणूस जाणार तेवीस नंबरला. रुग्णाचं नाव एक. आणि त्याला झालंय काय, तर ए!”

सौरभ यावेळी मनापासून हसला. नूपुरचंही तोंड हसायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मग तिने फोन टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला आणि खुर्चीत बसली.

“काय झालं?” सौरभने विचारलं.

“हे बुकिंग मी खरंच केलंय,” ती म्हणाली. “बाबांसाठी. दोन आठवडे झाले.”

*

फिजिओचं नाव अनुराधा होतं. नोंदीप्रमाणे ती एक दिवसाआड दुपारी चारला येत होती, प्रत्येक भेट पूर्ण झाली होती आणि प्रत्येक भेटीखाली फोनवर बोटाने केलेली सही होती. नूपुरला दर वेळी ‘भेट पूर्ण’ असा निरोप आला होता. तो वाचून तिने दर वेळी बाबांना फोनही केला होता.

तिने जिन्यात जाऊन अनुराधाचा नंबर लावला. ती पेशंटची मुलगी बोलतेय म्हटल्यावर अनुराधा एकदम खुलली.

“काळजीच करू नका दीदी,” ती हिंदीत म्हणाली. “मेशोमोशाय, म्हणजे काका हो, इतकं मन लावून करतात! परवा तर हात कानापर्यंत गेला.”

“हात?”

“हो. उजवा. पहिल्या दिवशी कोपराच्या वर उचलता येत नव्हता.”

“तुम्ही जाता त्या घराचा नंबर काय?”

“तेवीस. मोठं, जुनं घर, हिरव्या खिडक्या. पेशंट नंबर एक, कॅटेगरी ए.” अनुराधा थांबली. “मला वाटलं तुमच्या कंपनीची ही नवी पद्धत असेल. नाव न सांगण्याची.”

*

टॅक्सीत बसल्यावर नूपुरचा संताप हळूहळू सौरभवरून बाबांवर आला. फिजिओ भलत्या घरी जात होती, ती कोडची चूक. पण घरी कुणीच येत नव्हतं हे एका माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तो माणूस दर वेळी फोनवर हो म्हणत होता.

बाबा ऑक्टोबरात कराडच्या घरी न्हाणीघरात पडले. नूपुर आणि तिचा नवरा मंदार दोघंही विमानाने गेली, ऑपरेशन झालं, आणि हॉस्पिटलातून निघताना बाबांनीच अट घातली. चालायला लागलो की मला परत कराडला आणून सोडायचं, मी काही तुमच्या त्या कोलकात्यात राहणार नाही. नूपुरने मान्य केलं. मंदारची बदली बजबजच्या तेल डेपोत झाली म्हणून ती दोघं कोलकात्यात आली होती. तिलाही हे गाव कुणावर लादायचं नव्हतं. पण आल्यापासून बाबांनी तक्रारीवाचून एक दिवस सोडला नव्हता. पाण्याला चव नाही. सगळ्या जिन्याला मोहरीच्या तेलाचा वास. माणसं बोलतात की भांडतात ते कळत नाही. नूपुर वैतागून म्हणायची, मग व्यायाम करा, चालायला लागा, त्या दिवशी तिकीट काढते. बाबा वॉकरवर हात ठेवून बसून राहायचे.

तिने लॅचला किल्ली लावली तेव्हा ते तसेच बसले होते. समोर टीव्हीवर कसलीशी बंगाली मालिका होती.

“लवकर आलीस.”

“बाबा, अनुराधा कोण?”

“कोण अनुराधा?”

“दोन आठवडे तुमच्याकडून व्यायाम करून घेतेय ती.”

बाबांनी रिमोट शोधला. टीव्हीचा आवाज कमी केला, मग बंदच केला. “ती होय,” ते म्हणाले. “ती काही आली नाही.”

“एकदाही नाही?”

“तिचं नाव अनुराधा आहे हेसुद्धा मला आत्ता कळतंय.”

नूपुरने पर्स खुर्चीवर टाकली, ती घसरून खाली पडली. “मी रोज तुम्हाला विचारत होते!”

“तू विचारत नव्हतीस. तू सांगत होतीस. ‘आल्या होत्या ना बाबा, झालं ना सगळं, बरं, मी मीटिंगमध्ये आहे.’ मी हो म्हणेपर्यंत फोन ठेवलेला असायचा.”

“मग संध्याकाळी सांगायचं! मी घरातच असते संध्याकाळी. जेवताना समोर बसते तुमच्या. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? हे महिने वाया गेले तर पुढे कितीही केलं तरी उपयोग नाही. तुम्हालाच घाई आहे ना कराडची? मी केलीय का घाई?”

बाबांनी रिमोटचं मागचं झाकण काढलं. दोन्ही सेल बाहेर काढून जागा बदलून पुन्हा बसवले.

“आहेच घाई,” ते रिमोटकडे बघत म्हणाले. “या गावात कोण राहील.”

“मग?”

झाकण बसेना. त्यांनी ते दोनदा दाबून पाहिलं. नूपुर खाली पडलेली पर्स उचलून तशीच दाराबाहेर पडली.

*

तेवीस नंबर वळणावरच होता. ती रोज त्यावरून जायची. बेल वाजवून ती मनात हिंदी वाक्यं जुळवत उभी राहिली. आमच्या कंपनीकडून चूक झाली, ती फिजिओ तुमच्यासाठी नव्हती, उद्यापासून ती येणार नाही, माफ करा. बोलायला मिनिटभरसुद्धा लागलं नसतं.

दार एका उंच, पांढऱ्या पायजम्यातल्या गृहस्थांनी उघडलं. अरुण सान्याल. तिने नाव-गाव सांगून शेजारच्या इमारतीतून आलेय म्हटल्यावर त्यांनी काहीही न विचारता तिला आत नेऊन बसवलं आणि स्वतः चहा टाकायला गेले. आतून कपांचा आवाज येत राहिला. ती नको नको म्हणत होती ते त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

“तेवीस बाय एक बाय ए,” ते ट्रे घेऊन येत म्हणाले. त्यांची हिंदी बंगाली वळणाची आणि सावकाश होती. “तळमजला ना? म्हणजे तुम्ही आमच्या मेजदाच्या स्वयंपाकघरात राहता. मेजदा म्हणजे मधला भाऊ. तेवीस नंबर आमच्या बाबांचा. ते गेल्यावर मेजदा वेगळा झाला, तो बाय एक. मग मेजदाच्या मुलांचं पटेना, म्हणून बाय एक बाय ए. त्यांनी बिल्डरला विकलं.” त्यांनी बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. “पोस्टमनला वाटतं हे नुसते नंबर आहेत.”

नूपुरने कप उचलला. वाक्य सुरू करायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सान्यालबाबू उठून तिच्यासमोर उभे राहिले.

“हे बघा, मा,” ते मुलीला हाक मारावी तसं म्हणाले. त्यांनी उजवा हात हळूहळू वर नेला. खांद्यापाशी तो थरथरला, थांबला, आणि मग कानाजवळ पोचला. “महिनाभरापूर्वी शर्टाची बटणं लावता येत नव्हती. आता एक मुलगी येते. अनुराधा. बुबाईने पाठवलीय.”

“बुबाई?”

“माझा मुलगा. पुण्याला असतो, तुमच्याच बाजूला. त्याने मला सांगितलंसुद्धा नाही. असाच आहे तो, करतो पण बोलत नाही. मुलगी दारात आली, म्हणाली फिजिओथेरपी. मी म्हटलं, मी कुणाला बोलावलं नाही. मग लक्षात आलं, दुर्गापूजेत फोनवर मी त्याला खांद्याचं बोललो होतो.” त्यांनी हात तितक्याच सावकाश खाली आणला. “मी फोन केला त्याला. म्हटलं, मुलगी फार चांगली पाठवलीस रे. तर म्हणतो कसा, ‘हां बाबा, आली ना? बरं झालं. मीटिंगमध्ये आहे, ठेवतो.’”

ते हसले. नूपुरने कप बशीत ठेवला.

“तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात,” सान्यालबाबू म्हणाले.

“नाही, म्हणजे... मी त्याच कंपनीत आहे. वेळ कदाचित थोडी बदलेल, तेवढंच सांगायचं होतं.”

“बदलू दे. मी कुठे जाणार आहे?”

रस्त्यावर आल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. इतकं साधं काम होतं. सकाळपासून ती ज्याला त्याला जाब विचारत होती आणि जिथे खरं सांगायचं होतं तिथे चहा पिऊन आली होती. वर आता त्या माणसाला वाटत होतं की अनुराधा येतच राहणार.

*

दुसऱ्या दिवशी तिने सौरभला न विचारता त्याचा कोड उघडला.

आधी तिने सरळ मार्ग धरला. पत्ता बांधण्याचं काम तयार क्लासकडे सोपवलं आणि घराच्या नंबरातल्या रेघेऐवजी सांकेतिक खूण येईल असं पाहिलं. टक्का, दोन, एफ. पत्ता देखणा तयार झाला. पण सर्व्हरने तो दारातच अडवला. पत्त्याच्या पोटात लपवलेली तिरकी रेघ त्याला संशयास्पद वाटत होती. विनंती चुकीची आहे, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. नूपुरने खुणेचीही खूण करून पाहिली. तेव्हा तेवीस नंबरच्या घरापुढे टक्का, पंचवीस असलं काहीतरी लोंबायला लागलं. दुपारपर्यंत तिने तीन वेळा सगळं पुसलं होतं आणि तिचं डोकं ठणकत होतं.

सौरभ खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. त्याने स्क्रीनवरच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या.

“एक विचारू?” तो शेवटी म्हणाला. “त्या पेशंटची नाव, दुखणं, घर, हे सगळं पत्त्यात हवंच कशाला?”

“मी हे जूनमध्ये सांगितलं होतं तुला. मेल आहे माझा.”

“वाचला नव्हता.”

“माहितेय.”

पण हेच करायचं होतं. पत्त्यात फक्त बुकिंगचा नंबर ठेवायचा आणि बाकी सगळं आतून, डेटाबेसमधून घ्यायचं. नूपुरने एक छोटा क्लास लिहिला. लिंक बांधायची तर त्यानेच, उलगडायची तर त्यानेच, बाहेरच्या कुणी तिला हात लावायचा नाही. मग तिने चाचणीसाठी शहरातले सगळ्यात विचित्र नंबर शोधून टाकले. रेघांचे, डॅशचे, बंगाली अक्षरांचे. सगळे आपापल्या घरी गेले. रुग्णांना त्यांची नावं परत मिळाली.

आता जुना कोड काढायचा होता. तिने कर्सर तिथे नेला आणि थांबली. सौरभ पहिल्या ओळीकडे बघत होता. तिथे वर त्याचंच नाव होतं, आणि नोकरीला लागल्याच्या पहिल्या महिन्यातली तारीख.

“काढ ना,” तो म्हणाला. “भलत्याचंच रक्त घेण्यापेक्षा बरं.”

तिने ओळी निवडल्या आणि कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने डिलीट दाबलं आणि चहा आणायला निघून गेला.

*

पुढच्या खेपेपासून अनुराधा बरोबर दारात आली. नूपुरने पहिल्या दिवशी रजा घेऊन स्वतः समोर बसून व्यायाम करून घेतला. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण पाय उचलला. मग ती कामाला लागली. डिसेंबर गेला. बाबा वॉकर सोडून काठीवर आले. अनुराधाच्या नोंदी आता फोनवर ‘अविनाश सबनीस, खुबा’ अशा दिसत होत्या.

तेवीस नंबरवरून जाताना नूपुर मान खाली घालायची. सान्यालबाबूंना भेटून नीट सांगायचं हे तिच्या मनात रोज यायचं. कधी उशीर झालेला असायचा, कधी हातात भाजीची पिशवी असायची. एकदा ते खिडकीत दिसले आणि त्यांनी हात हलवला. तिनेही हलवला, आणि पावलं उचलून सरळ पुढे गेली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मीटिंग रद्द झाली म्हणून ती पाचलाच घरी पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाबा नव्हते. काठी नव्हती. तिने न्हाणीघर पाहिलं, मागची गॅलरी पाहिली, आणि त्यांना फोन लावला, तर तो उशीखाली वाजला. ती चपला न घालताच बाहेर धावली. इमारतीच्या रखवालदाराने शांतपणे वळणाकडे बोट दाखवलं.

तेवीस नंबरचं दार उघडं होतं. बैठकीत सान्यालबाबू भिंतीला लागून उभे होते आणि अनुराधा त्यांचा हात बोटाबोटाने भिंतीवरून वर चढवत होती. शेजारच्या वेताच्या खुर्चीत बाबा बसले होते, काठी गुडघ्यांच्या मध्ये.

“और थोडा. और,” बाबा त्यांच्या कराडच्या हिंदीत म्हणत होते. “परसों यहाँ तक गया था. आज क्यों नहीं जाता?”

“बाबा!”

तिघांनीही वळून पाहिलं. बाबांची नजर तिच्या अनवाणी पायांवर गेली.

“अशी काय आलीस? पायात काहीतरी घालावं. रस्त्यावर काय वाटेल ते पडलेलं असतं इथे.”

“तुम्ही... दार उघडं... फोन तरी घ्यायचा बरोबर!” तिला दम लागला होता. “कधीपासून चाललंय हे?”

“दीदी, तुम्हाला माहीत नव्हतं?” अनुराधा गोंधळली. “ख्रिसमसच्या आधीपासून. यांचा खांदा अर्धवट राहिल्याचं मी सांगितलं, तर सर म्हणाले, चालण्याचा व्यायाम करायचाच आहे तर इथपर्यंत चालू. मग दहा मिनिटं यांचा खांदाही करते.”

सान्यालबाबूंनी हात भिंतीवरून खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने तिच्यासाठी खुर्ची ओढली. “बसा, मा. मी तुमचे आभार मानायला येणारच होतो. तुमच्या वडिलांनी सगळं सांगितलं मला.”

नूपुर बसली नाही. “काय सांगितलं?”

“की बुबाईने पुण्याहून तुम्हाला फोन केला होता. म्हणाला, बाबांचा व्यायाम बंद पडता कामा नये, काहीतरी करा. म्हणून तुम्ही अशी सोय केलीत, एका खेपेत दोघांची.” त्यांचा चेहरा उजळला होता. “मला बोलला नाही अजून. बोलणारही नाही. पण तुम्हाला फोन केला ना त्याने?”

नूपुरने बाबांकडे पाहिलं. बाबा काठीच्या मुठीवरचा कसलातरी डाग अंगठ्याने घासत होते.

“हो,” ती म्हणाली. “केला होता.”

“काय म्हणाला?”

“हेच. की तुमच्याकडे लक्ष ठेवा.” तिने फोन काढला. “काका, त्यांचा नंबर माझ्याकडून कुठेतरी गेला. पुन्हा द्याल का? मला त्यांच्याशी बोलायचंय.”

सान्यालबाबूंनी तो तोंडपाठ सांगितला, एकेक आकडा वेगळा उच्चारत, आणि तिने बरोबर लिहिलाय की नाही हे तिच्या फोनमध्ये वाकून पाहिलं.

*

परतताना बाबा एक हात भिंतीच्या बाजूला ठेवून चालत होते. नूपुरच्या डोक्यात चार-पाच वाक्यं एकदम गर्दी करत होती. तुम्ही त्या माणसाला सरळ खोटं सांगितलंत. मला त्यात ओढलंत. आता त्या मुलाला फोन करून मी काय सांगू? आणि न सांगता घराबाहेर पडायचं नाही, किती वेळा सांगितलंय.

समोरून एक सायकल-व्हॅन आली. दोघंही कडेला थांबले. व्हॅनवर रचलेले प्लॅस्टिकचे ड्रम हेलकावत निघून गेले. बाबांनी काठी पुन्हा पुढे टाकली.

“मी बरा चालतो आता,” ते म्हणाले.

“दिसतंय.”

“तिकिटाचं बघतेस ना?”

“मंदार म्हणत होता, फेब्रुवारीतलं मिळेल.”

मेजदाच्या भिंतीपाशी, म्हणजे आता त्यांच्या इमारतीचं फाटक होतं तिथे, बाबा दम खायला थांबले.

“फेब्रुवारीत नको,” ते म्हणाले. “त्या माणसाचा हात अजून नीट वर जात नाही. मध्येच सोडला की आखडतो पुन्हा. ती पोरगी सांगत होती, चांगले सहा-आठ महिने लागतात म्हणून.”

बाबांनी नाक मुरडलं.

“काय हा वास! काय तळतात ही माणसं संध्याकाळचं, देव जाणे,” ते म्हणाले आणि फाटक ढकलायला तिने पुढे येण्याची वाट न बघता स्वतःच काठीच्या टोकाने ते आत लोटलं.